आमचा भाचा राहायला येणार आहे

हे वाक्य मी ज्या दिवशी बोलले, त्या दिवशी माझा भाचा पुण्यात मेसच्या आमटीला नावं ठेवत बसला होता. साताऱ्यात राहायला येण्याचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पण त्या वेळी तोंडात दुसरं काही आलं नाही.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत बाबा गेले आणि शाहूपुरीतला त्यांचा फ्लॅट माझ्या नावावर झाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि अजिंक्यताऱ्याकडे तोंड केलेली एक चिंचोळी गॅलरी. मी पुण्यात नोकरीला, त्यामुळे वर्षभर फ्लॅट बंदच होता. नळाला गंज चढला, गॅलरीत पारव्यांनी संसार थाटला, मेंटेनन्स मात्र दरमहा चालूच. शेवटी भाड्याने द्यायचं ठरवलं. एजंट बाबांच्या ओळखीचाच. त्याने फोनवर दोनच प्रश्न विचारले. भाडं किती आणि "ताई, कुणीबी चालंल ना? का आपल्यातलंच बघू?"

हा "आपल्यातलं" शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. आम्ही मराठा. बारा फ्लॅटच्या त्या बिल्डिंगमध्ये आठ घरं आमच्यातली, तीन ब्राह्मणांची, एक लिंगायतांचं. ही मोजणी मी आधी कधी केली नव्हती, करायची वेळच आली नव्हती. मी एजंटला म्हटलं, "कुणीही चालेल, माणसं नीट असली म्हणजे झालं." आणि मनात स्वतःची पाठ थोपटली.

पहिल्या रविवारी एक जोडपं आलं. तो बँकेत अधिकारी, कराडहून बदली होऊन आलेला. ती दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन घरभर फिरली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन येतं का, नळाला पाणी किती वाजता, मांडणी इथेच ठेवणार का, असलं सगळं तिने विचारलं. बाबांची मांडणी तिला आवडली. मुलगी गॅलरीतल्या पारव्यांना हाका मारत होती. भाडं साडेनऊ हजार, डिपॉझिट तीस. त्याने घासाघीस केली नाही. जाताना त्याने पाचशेची नोट बयाणा म्हणून पुढे केली आणि मी म्हटलं, "राहू द्या हो, उद्या बोलू."

त्याने नाव सांगितलं होतं. मुस्लिम होते.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी खाली पार्किंगमध्ये भेटले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. शाळेतून निवृत्त झालेले, संस्कृत शिकवायचे. मी मॅट्रिकला असताना त्यांनी मला शब्दरूपं पाठ करायला लावली होती आणि बाबांच्या आजारपणात रात्री दोन वाजता गाडी काढली होती. हे सांगायला हवं, कारण पुढचं वाचून आबांचं जे चित्र उभं राहील ते खरं नाही. ते म्हणाले, "बाळ, तुझा फ्लॅट आहे, तू कुणालाही दे. पण त्यांनाही त्यांच्यात बरं वाटतं बघ. समानशीलव्यसनेषु सख्यम्, सारख्यांची सारख्यांशीच मैत्री. इथे त्या बाईशी कोण बोलणार? तीच बिचारी एकटी पडेल."

त्या बाईची काळजी होती ती. मला ऐकताना पटलीसुद्धा. त्या बाईला विचारावं, हे काही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "अहो, आमचा भाचा राहायला येणार आहे. अचानकच ठरलं." तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "हां हां, घरचा माणूस असला की तसंच असतं." आवाजात राग नव्हता. त्याने हे भाचे-पुतणे आधीही पुष्कळ ऐकले असणार. राग आला असता तर मला जरा सोपं गेलं असतं.

महिन्याभराने एजंटने सहज सांगितलं, त्या साहेबांना घर मिळालं, त्यांच्यातल्याच वस्तीत, भाडं जरा जास्त बसलं. वर म्हणाला, "शेवटी ज्याचं त्याला बरं वाटतं बगा, ताई." त्याचं हे वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्या माणसाने शाहूपुरीत घर मागितलं होतं. बयाण्याची नोट हातात धरली होती. मी नाही म्हटलं म्हणून तो तिकडे गेला आणि तिकडे गेला म्हणून तो आबांच्या सुभाषिताचा पुरावा झाला. उद्या कुणी म्हणालं की ही माणसं आपापल्यातच राहतात, तर त्या मोजणीत हे एक घर माझ्या हातचं असेल.

त्या वर्षी फ्लॅट एका कॉलेजच्या क्लार्कला दिला. आपल्यातलाच. शेवटचे तीन महिने भाडं बुडवून गेला, बाबांची मांडणीही घेऊन गेला.

भाचा खरोखर आला तो मे महिन्यात, आठ दिवसांसाठी. बरोबर ताई आणि भावजी. फ्लॅट रिकामाच होता, म्हणून सगळे तिथेच उतरलो. कंदी पेढे, कासला एक फेरी आणि उरलेला वेळ उकाडा. भाचा अर्थशास्त्र शिकतो. भाच्याच्या नावावर मी मारलेली थाप जेवताना मीच सांगून टाकली. ताई हसली. भावजी म्हणाले, "पण यात चूक काय? माणूस आपल्यासारख्यांत राहतो, हा निसर्ग आहे. त्याला कायदा काय करणार?"

भाच्याने माळ्यावरून बुद्धिबळाचा पट काढला आणि कॅरमच्या दोन डब्या. सोंगट्या मोजून घेतल्या, अठरा काळ्या, अठरा पांढऱ्या. त्या चौसष्ट घरांवर वेड्यावाकड्या पसरल्या. नियम एकच. प्रत्येक सोंगटीला आजूबाजूच्या शेजाऱ्यांत किमान एक तृतीयांश आपल्या रंगाचे हवेत. तेवढे नसतील तर तिने उठून रिकाम्या घरात जायचं. म्हणजे सोंगटी काही कट्टर नाही. दोन तृतीयांश शेजारी दुसऱ्या रंगाचे असले तरी तिची तक्रार नाही. आम्ही तिघं हलवायला बसलो. चहा होऊन येईपर्यंत पटावर काळ्यांची बेटं आणि पांढऱ्यांची बेटं तयार झाली होती. थॉमस शेलिंग नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने हे 1971 साली मांडलं, पुढे 2005 मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते या एका खेळासाठी नव्हे, पण खेळ गाजला तो गाजलाच.

भावजी खूश. "बघ! कुणी कुणाला हाकललं का?"

भाचा म्हणाला, "बाबा, तुम्ही अर्धंच बघताय. शेलिंगचं म्हणणं असं की शहर कट्टर विभागलेलं दिसलं म्हणून आतली माणसं तितकी कट्टर असतीलच असं नाही. आणि दुसरं, पटावर आपण सुरुवातीला सोंगट्या मिसळून टाकल्या. खऱ्या गावात त्या कुणी मिसळल्या होत्या?"

मला आईचं गाव आठवलं. देऊळ, पाटलाचा वाडा, चावडी आणि ओढ्यापलीकडे वेशीबाहेर महारवाडा. तिथल्या लोकांनी काही शेजारी मोजून ती जागा पसंत केली नव्हती. अशा वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने अगदी डिसेंबर 2020 मध्ये घेतला. नावं बदलतील. ओढ्याची अलीकडली-पलीकडली बाजू तीच राहील.

भाच्याने अमेरिकेचंही सांगितलं. तिथल्या काळ्या लोकांच्या वस्त्या सोंगट्यांसारख्या आपोआप झाल्या असं भावजींना वाटत होतं. 1930 च्या दशकात तिथल्या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढून काळ्यांचे भाग लाल रंगवले, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. घराच्या खरेदीखतातच गोऱ्याशिवाय कुणाला विकायचं नाही अशी अट असायची. 1948 साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असली अट कोर्टाच्या मदतीने बजावता येणार नाही, आणि घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश बघायला बंदी करणारा कायदा आला 1968 मध्ये. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या 4 एप्रिलला झाली, सही 11 एप्रिलला. त्यातही सूट आहेच. चार बिऱ्हाडांपर्यंतच्या लहान घरात मालक स्वतः राहत असेल तर बरंचसं चालतं. मी म्हटलं, बारा फ्लॅटचे आबा तिथे सुटले नसते.

मग मी एक प्रश्न विचारला आणि मला त्याचं उत्तर अजून छळतं. पट विभागला गेल्यावर सगळ्या सोंगट्यांना एकदम सद्बुद्धी झाली, कुणालाच शेजाऱ्याच्या रंगाचं काही वाटेनासं झालं, तर काय होईल? भाचा म्हणाला, "काहीच नाही, मावशी. आहे तिथेच बसतील. कुणाला उठायचं कारणच उरणार नाही."

जूनमध्ये एजंटने दुसरी पार्टी आणली. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर. वय चाळिशीच्या आसपास, बरोबर आई आणि बारावीतला मुलगा. आडनावावरून ओळख पटत होती आणि त्यांनीही लपवलं नाही. हॉल बघून म्हणाल्या, "इथं बाबासाहेबांचा फोटो लावणार, खिळा ठोकलेला चालंल ना?" मी म्हटलं, "ठोका." त्या माझ्याकडे जरा बघत राहिल्या. परीक्षाच होती ती.

या वेळी मी आधी चुलतभावाकडे गेले. तो सातारच्या कोर्टात वकिली करतो. त्याला मागचं पुढचं सगळं सांगितलं. त्याने चष्मा वर सरकवला. धर्म-जात बघून भेदभाव करू नये, हे घटनेचं कलम 15 (1) सरकारला बांधतं, तुला नाही, म्हणाला. 15 (2) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी, घाट, रस्ते आहेत. भाड्याच्या घराचा उल्लेख नाही. खासगी घर देताना धर्म बघू नये असा सरळ कायदा आपल्याकडे नाही. उलट 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहसंस्थेचा 'सभासद पारशीच हवा' हा उपविधी मान्य केला. "म्हणजे त्या बँकवाल्या साहेबांना तू नाही म्हणालीस त्यात कायदा मोडला नाहीस." हे ऐकून हायसं वाटायला हवं होतं.

"पण सिस्टरांना जातीवरून नाही म्हणून बघ." त्याने 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं कलम 4 काढून दाखवलं. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही कोणत्याही वस्तीत राहतं घर बांधायला, घ्यायला किंवा तिथे राहायला आडकाठी केली तर एक ते सहा महिने कैद आणि वर दंड, शंभर ते पाचशे रुपये. दंडाची रक्कम बघून मला हसू आलं. "हसू नकोस, कैद बघ. आणि कलम 12 बघ. माणूस अनुसूचित जातीचा असेल तर कोर्ट आधी गृहीतच धरतं की आडकाठी अस्पृश्यतेवरूनच केली. तसं नव्हतं हे तू सिद्ध करायचं."

एकाच दाराशी दोन माणसं उभी राहिली. एकासाठी सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी कागद लिहून ठेवला होता, दुसऱ्यासाठी नाही. पण कागद नव्हता म्हणून मी नाही म्हटलं, असं म्हणायची सोय मला नाही. तेव्हा मी शोधलाच नव्हता.

सोसायटीचं पत्र भावानेच लिहून दिलं. आदर्श उपविधींप्रमाणे भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवलं की पुरे. शुल्क घ्यायचं तर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत, तसा 2001 चा शासन आदेश आहे. 'एनओसी द्यावी ही विनंती' असं मी लिहिलं होतं, ते त्याने खोडून 'कळवण्यात येत आहे' केलं. त्या दोन शब्दांनी मला जरा कणा आला.

आबांच्या हातात पत्र दिलं. ते वाचून म्हणाले, "बाळ, माणसं चांगलीच असतील. पण परवा कमिटीत विषय निघाला. सगळ्यांचं म्हणणं…"

मी उभ्या उभ्या पाठ केलेलं बोलून टाकलं. "आबा, मला अडचण नाही, पण आता नाही म्हटलं तर ते कायद्यात बसत नाही. कलम 4 आहे. माझ्याबरोबर कमिटीही अडकेल." यातलं "मला अडचण नाही" हे अर्धंच खरं होतं. अडचण होतीच. बाराच्या बारा घरांच्या नजरा, बाबांचं नाव, सगळंच होतं. पण या वेळी मला माझ्या अंगावर काही घ्यावं लागलं नाही. कायदा पुढे केला आणि त्याच्या आडून बोलले. भित्र्या माणसाला कायद्याचा हा मोठा उपयोग असतो. चांगुलपणाची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येते.

आणि गंमत म्हणजे आबांनाही सुटल्यासारखं झालं. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "असं आहे का? मग प्रश्नच मिटला. मी सांगतो सगळ्यांना, कायदाच आहे म्हणून." त्यांनाही कमिटीपुढे उभं राहायला काहीतरी हवंच होतं, असं मला तेव्हा वाटलं. मागच्या वर्षी मी त्या दोघांसाठी नुसता आवाज चढवला असता तरी आबा कदाचित… जाऊ दे.

करार ऑनलाइन झाला. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. सिस्टरच्या अंगठ्याचा ठसा काही उमटेना, दिवसभर सॅनिटायझर लावून कातडी गुळगुळीत झालेली. चार वेळा पुसला, फुंकर मारली, शेवटी मशीनने करंगळी स्वीकारली. हा करार नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 तसं सांगतं, नाही नोंदवला तर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे माणसाला दारातून परत पाठवलं तर मला कुणी विचारलं नाही, आत घेऊन कागद केला नसता तर मात्र विचारलं असतं. मग पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती द्यायची. तेही झालं.

सामान आलं त्या दिवशी मी थांबले होते. संध्याकाळी सिस्टरच्या मुलाबरोबर राजवाड्यापर्यंत चालत गेले, त्याला झेरॉक्स काढायच्या होत्या. प्रतापसिंह हायस्कूलजवळ तो म्हणाला, "इथंच ना?" इथंच. 7 नोव्हेंबर 1900 ला भिवा रामजी आंबेडकर हे नाव या शाळेच्या रजिस्टरमध्ये लागलं. या गावात त्यांचे केस बहीण कापायची आणि कपडे घरीच धुतले जायचे. न्हावी आणि परीट साताऱ्यात होते आणि घरात त्यांना द्यायला पैसेही होते. आबांच्या सुभाषितात हे कुठे बसतं, मला माहीत नाही.

याच गावात दुसराही माणूस होऊन गेला, भाऊराव पाटील. कोल्हापूरला शाहू महाराजांनी 1901 पासून जातवार वसतिगृहं काढली, मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य. त्या काळी आपल्या पोराला दुसऱ्याच्या पंगतीला कुणी पाठवलंच नसतं, निदान पोरं शिकू तरी देत, हा हिशेब असणार. भाऊराव तिथेच जैन बोर्डिंगमध्ये राहिलेले. त्यांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातींचं एकत्र. पोरं एकत्र दळायची, एकत्र भाकरी थापायची, एका पंगतीत बसायची, आणि पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. कुठल्या कायद्याने हे करायला सांगितलं नव्हतं. पटावरची एक-एक सोंगटी हाताने उचलून मिसळायची, तसं काम होतं ते. भाच्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "मावशी, हेच तर मॉडेलमध्ये नाही."

बिल्डिंगमध्ये पुढे काय झालं? फारसं काही नाही. मारामारी झाली नाही आणि गळाभेटीही झाल्या नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या काकू हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, पण मुलाला जीवशास्त्राच्या नोट्स मागतात. आबा जिन्यात भेटले की "काय सिस्टर, ड्युटी?" एवढं विचारतात. अकरा महिने संपले, करार वाढवला, भाडं दहा हजार केलं.

गेल्या महिन्यात एजंटचा फोन आला. सिस्टरच्या वरचा फ्लॅट रिकामा झालाय, मालक मुंबईला असतो, त्याने मला विचारायला सांगितलं. "ताई, मी काय म्हणतो, वर बी त्यांच्यातलीच पार्टी लावू का? एक हाय चांगली. सिस्टरला बी सोबत हुईल, त्यांना बरं वाटंल."

पुन्हा तीच काळजी, या वेळी दुसऱ्या बाजूने. पण आता विचारायचं कुणाला, ते मला सुचलं. सिस्टरला फोन लावला. त्या ड्युटीवर होत्या, मागे कुणीतरी कण्हत होतं. मी सगळं सांगितलं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "कुणाला बी द्या. फक्त आधीच्यांनी रात्री अकराला वॉशिंग मशीन लावायचं, ते माझ्या आईच्या बरोबर डोक्यावर यायचं. तेवढं आधीच बोलून घ्या."